बोनस तोच, मग खुशी जाते कुठे?

गोव्यातल्या वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या कंपन्यांत मोटिव्हेशनचं ट्रेनिंग असलं की स्क्रीनवर तो त्रिकोण हमखास येतो. तळाला अन्न-पाणी-झोप, वर सुरक्षितता, मग आपली माणसं, मग मान, आणि टोकाला आपल्यात जे काही आहे ते पुरेपूर फुलणं. मास्लोचा पिरॅमिड! पण मानसशास्त्रज्ञ अब्राहम मास्लोच्या 1943 सालच्या मूळ पेपरात पिरॅमिड नाहीच, ते चित्र नंतर मॅनेजमेंटवाल्यांनी काढलं. खालची गरज शंभर टक्के भागल्याशिवाय वरची जागीच होत नाही, असंही तो म्हणाला नव्हता.

मग आला फ्रेडरिक हर्झबर्ग, हाही मानसशास्त्रज्ञच. त्याने पिट्सबर्गच्या भागातल्या सुमारे 200 इंजिनिअर आणि अकाउंटंटना विचारलं, कामावर कधी बरं वाटलं, कधी वैताग आला? 1959 मध्ये त्याने मांडलं की पगार कमी असला की माणूस कुरकुरतो, पण वाढला म्हणून कामाची गोडी लागतेच असं नाही. आता माणसं यश स्वतःच्या नावावर आणि वैताग कंपनीच्या नावावर टाकतातच, त्यामुळे त्याच्या निष्कर्षावर मी थोडं मीठ टाकूनच विश्वास ठेवतो.

मला खरं वेड लावलं ते माकडांवरच्या एका प्रयोगाने. वोल्फ्राम शुल्ट्झ हा मेंदूशास्त्रज्ञ माकडाच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींमध्ये (डोपामिन हे रसायन सोडून निरोप देणाऱ्या पेशी) बारीक तार घालून त्यांचे विजेचे ठोके मोजत होता. ह्या पेशी एरवी सेकंदाला चार-पाच ठोके देत संथ चालतात. माकडाच्या तोंडात अचानक ज्यूसचा थेंब पडला की तडतड करून उठतात. आता ज्यूसच्या आधी दर वेळी एक दिवा लावायला सुरुवात केली. काही दिवसांनी पेशी दिव्यालाच तडतडायला लागल्या आणि ज्यूस आला तेव्हा गप्प! ज्यूस तोच, थेंबही तेवढाच. आणि दिवा लावून ज्यूस दिलाच नाही, तर बरोबर ज्या क्षणी तो यायला हवा होता त्या क्षणी पेशींचे ठोके नेहमीपेक्षाही खाली पडले.

म्हणजे पेशी ज्यूस मोजत नाहीत, त्या वजाबाकी करतात. मिळालं ते वजा मिळेल म्हणून धरलेलं ते. 1997 मध्ये शुल्ट्झ, डायन आणि माँटेग्यूने दाखवलं की कॉम्प्युटरला शिकवायला आधीच तयार असलेलं एक गणित इथे चपखल बसतं: आत्ता मिळालेलं बक्षीस, अधिक पुढच्या क्षणाचं अंदाजे मूल्य, म्हणजे तिथून पुढे किती मिळेल त्याचा अंदाज (उशिरा मिळणार म्हणून थोडी सूट कापून), वजा ह्या क्षणाचं अंदाजे मूल्य. उरेल तेवढी चूक, त्या चुकीने अंदाज सुधारायचा, आणि असं करत करत मूल्य मागे मागे सरकत दिव्यापर्यंत पोचतं.

आता चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीचा बोनस घ्या. पहिल्या वर्षी घरभर आनंद, तिसऱ्या वर्षी तो माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या मांडवीच्या) सामानाच्या हिशोबात आधीच धरलेला, आणि एखाद्या वर्षी कमी आला की सगळं खातं तोंड पाडून बसतं. माकडाचे सेकंद आणि आपलं वर्ष सरळ जोडता येत नाही हे मान्य, पण वजाबाकी ओळखीची वाटते ना? म्हणून मजेच्या गोष्टी बंद करून डोपामिन 'काढून टाका' सांगणारे ते 'डोपामिन डिटॉक्स'वाले व्हिडिओ बघू नका, डोपामिन हे काही अंगात साठलेलं विष नाही. आणि स्टाफचा उत्साह वाढवायला वास्तुवाला बोलावून टेबलांची तोंडं फिरवणाऱ्यांबद्दल तर न बोललेलंच बरं.

ह्याला दुसरी बाजू आहे. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट ह्यांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या पोरांचे तीन गट केले. एका गटाला आधीच सांगितलं, चित्र काढलं तर सोनेरी स्टारचं सर्टिफिकेट मिळेल. दुसऱ्याला ते न सांगता नंतर दिलं, तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात बघितलं तर आधी कबूल केलेला गट बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होता. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र शाबूत. दिवाळीच्या आधी रात्र रात्र जागून नरकासुराचा पुतळा उभा करणाऱ्या आमच्या वाड्यावरच्या पोरांना कोणी तासाचे पैसे ठरवून दिले, तर दुसऱ्या वर्षी काय होईल ह्याची मला धास्तीच वाटते.

कंटाळवाण्या कामाला मात्र हे लागू नाही, तिथे आवडच नव्हती तर कमी काय होणार? पॅकिंग लाइनवर आठ तास उभं राहणाऱ्याला छंदाच्या गोष्टी सांगू नका, पैसे द्या, आणि वेळेवर द्या.