पोपटालाच का बोलता येतं?

बोरिवलीच्या नॅशनल पार्कावर बुलडोझर येतात, सुलतान नावाचा बिबट्या मारला जातो आणि त्याचा बछडा युवी आईसोबत, एका माकडासोबत आणि एका अस्वलासोबत थेट दिल्लीला निघतो, संसदेत दाद मागायला. आपसांत हे सगळे भरपूर बोलतात, पण माणसाशी कोण बोलणार? म्हणून आधी एका पोपटाला गाठावं लागतं. निखिल अडवाणींच्या ‘दिल्ली सफारी’ची ही गोष्ट. पुण्याच्या क्रेयॉन पिक्चर्सनं घडवलेला हा चित्रपट २०१२ मध्ये आला आणि त्याला सर्वोत्तम अ‍ॅनिमेशनपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

मे महिन्यात भाची ओवी राहायला आली तेव्हा आम्ही तो घरी पाहिला. अर्ध्यावर तिनं विचारलं, “मावशी, पोपटच का? माकड तर आपल्यासारखं दिसतं. त्याला का नाही येत?”

या प्रश्नावर शास्त्रज्ञांनी बरीच वर्षं घालवली आहेत. माकडाचा घसाच बोलण्याजोगा नाही, असं अनेक दशकं मानलं जात होतं. २०१६ मध्ये टेकुमसेह फिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका मकाक माकडाचं खाताना, जांभई देताना, ओठ हलवताना क्ष-किरणांनी चित्रण केलं. त्याच्या तोंडात आणि घशात कोणकोणते आकार तयार होतात ते मोजलं आणि त्या आकारांतून आवाज कसा येईल हे संगणकाला विचारलं. संगणकानं त्या माकडाच्या घशातून “माझ्याशी लग्न करशील का?” हे इंग्रजी वाक्य म्हणून दाखवलं. जरा घोगरं, पण समजण्याइतकं स्वच्छ! म्हणजे वाद्य तयार आहे, वाजवणारा मेंदू नाही. ऐकलेला नवा आवाज घशातून हुबेहूब काढण्यासाठी मेंदूत जी जोडणी लागते, ती माकडात फार तोकडी आहे.

पोपटात नेमकी तीच जोडणी आहे. त्याचा आवाज आपल्यासारखा गळ्याच्या वरच्या टोकाला तयार होत नाही. श्वासनलिका जिथे दोन फुप्फुसांकडे दुभंगते, त्या खालच्या नाक्यावर त्याचं ध्वनियंत्र असतं, आणि जाड, लवचीक जिभेनं तो त्या आवाजाला आकार देतो. पण खरी गोष्ट शिकण्याची. कोंबडं कुणी न शिकवता आरवतं. पोपट ऐकून शिकतो. ही देणगी फार थोड्यांना आहे: पोपट, गाणारे पक्षी, हमिंगबर्ड, देवमासे आणि डॉल्फिन, सील, वटवाघळं, हत्ती आणि आपण. दक्षिण कोरियातल्या प्राणिसंग्रहालयातला कोशिक नावाचा हत्ती स्वतःची सोंड तोंडात घालून कोरियन भाषेतले पाच शब्द काढायचा. त्यावरचा शोधनिबंधही २०१२ चाच.

चित्रपटातल्या पोपटाचं नाव अ‍ॅलेक्स. आयरीन पेपरबर्ग यांनी अमेरिकेत जवळपास तीस वर्षं ज्या करड्या आफ्रिकी पोपटाला शिकवलं, त्याचंही नाव अ‍ॅलेक्सच. त्याला शंभराहून अधिक शब्द यायचे. तो वस्तू, रंग आणि आकार नावानं ओळखायचा, सहापर्यंत मोजायचा. २००७ मध्ये तो गेला.

इथवर ओवीला पटलं. पण मला तिला आणखी एक सांगायचं होतं, कारण चित्रपट पाहून मुलांचा असा समज होऊ शकतो की शब्द नाहीत म्हणजे प्राणी मुकेच. ते खरं नाही. केनियाच्या अंबोसेलीत व्हर्व्हेट माकडं बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी तीन वेगळे आवाज काढतात. संशोधकांनी ते आवाज ध्वनिमुद्रित करून परत ऐकवले, तेव्हा शत्रू समोर नसतानाही माकडांनी बरोबर हालचाल केली. बिबट्याचा आवाज ऐकून ती झाडावर चढली, गरुडाचा ऐकून वर आकाशाकडे पाहू लागली, सापाचा ऐकून मागच्या पायांवर उभी राहून गवत न्याहाळू लागली. हा अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला आणि मला तो आजही कुठल्याही गोष्टीपेक्षा सुंदर वाटतो.

आपल्या पार्कातही हेच चालू असतं. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या जंगलात आणि त्याच्या आसपास २०१८ च्या पाहणीत ४७ बिबटे मोजले गेले. बिबट्या दिसला की चितळ तीक्ष्ण, टोचणारा आवाज काढतं, झाडावरचं वानर खोकल्यासारखं खाकरतं. जंगलात फिरणारी माणसं याला ‘कॉल’ म्हणतात. हे कॉल एकमेकांच्या जातीलाही कळतात. दक्षिण भारतातल्या आपल्या साध्या लालतोंड्या माकडांना वानरांचे आणि सांबरांचे कॉल ऐकवून पाहिले, तेव्हा ती ते ओळखून पळाली. परकी भाषा शिकलेली माकडंच म्हणायची! पार्कातल्या आणि शेजारच्या आरेतल्या पाड्यांवर जे वारली लोक पिढ्यान्‌पिढ्या वाघोबाला पुजत आले आहेत, त्यांना हे आवाज निबंध न वाचता कळतात.

बिबट्या स्वतःही बोलतो. लाकडावर करवत चालवावी तसा खरखरता आवाज तो ठरावीक लयीत काढतो. ‘ही हद्द माझी’ हे शेजारच्या बिबट्याला सांगायला, किंवा जोडीदाराला बोलवायला. हा आवाज खालच्या पट्टीतला, दूरवर जाणारा. पार्कालगतच्या घोडबंदर रोडवरच्या ट्रकची घरघरही खालच्याच पट्टीतली, आणि ती रात्रभर थांबत नाही. माझ्या मते चित्रपटानं बुलडोझर दाखवला, पण हे नुकसान दाखवायचं राहून गेलं. झाड पडलेलं दिसतं. बुडालेला आवाज दिसत नाही.

नेदरलँड्सच्या लायडेन शहरात गोंगाटाच्या भागातले टिट पक्षी वरच्या पट्टीत गातात, हे २००३ मध्ये दिसलं. २०२० च्या टाळेबंदीत सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिमण्यांसारख्या पक्ष्यांनी आवाज हळू केला, तरी तो पूर्वीपेक्षा दूरपर्यंत ऐकू जाऊ लागला. पक्षी पट्टी बदलू शकतो, कारण तो शिकणारा आहे. बिबट्याकडे ती मुभा असल्याचं कुणी दाखवलेलं नाही.

दुसऱ्या रविवारी सकाळी ओवीला घेऊन पार्कात गेले. कान्हेरीच्या रस्त्यावर आमच्या मागून एक मंडळी स्पीकरवर गाणी लावून येत होती. अचानक उजवीकडच्या झाडीतून चितळ ओरडलं. एकदा, दोनदा. ओवी रस्त्याच्या मधोमध थांबली, मागे वळून त्यांना म्हणाली, “काका, जरा बंद करा ना. ते काहीतरी सांगतंय.”

त्यांनी बंद केलं. चितळ आणखी तीनदा ओरडलं, मग वरून वानर खाकरलं. बिबट्या आम्हाला दिसला नाही.