वसईचा गोन्सालो आणि जपानमधला छळ: आधी काय झालं, नंतर काय झालं

५ फेब्रुवारी १५९७ला नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ ख्रिस्ती लोकांना क्रुसाला बांधून भाल्यांनी मारलं, आणि त्यातला एक जण आपल्या वसईचा होता. गोन्सालो गार्सिया. वसईकरांना हे नाव पाठ असतं, गास गावचं चर्च त्यांच्याच नावाचं आहे, कॉलेज आहे, पण वसईच्या बाहेर बऱ्याच मराठी लोकांना हे माहीतच नसतं. आणि ज्यांना माहीत असतं त्यांनाही "जपानच्या राजाने मारलं" एवढंच माहीत असतं. कशासाठी मारलं आणि त्यानंतर त्या श्रद्धेचं काय झालं ते कुणी नीट सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

सुरुवात १५४९पासून. त्या वर्षी १५ ऑगस्टला फ्रान्सिस झेवियर हे पाद्री ख्रिस्ती धर्म सांगायला जपानच्या कागोशिमाला उतरले. तेव्हा जपान एकसंध नव्हता, प्रांताप्रांताचे सरदार आपसात लढत होते आणि पोर्तुगीज जहाजांतून येणारं चिनी रेशीम आणि बंदुका सगळ्यांना हव्या होत्या. जहाज जिथे लागतं तिथे पाद्री येतात आणि पाद्री जिथे असतात तिथे जहाज लागतं, हे सरदारांच्या पटकन लक्षात आलं. ओमुरा सुमितादा नावाच्या सरदाराने १५६३ला बाप्तिस्मा घेतला आणि १५८०ला तर नागासाकी बंदरच येशूसंघाच्या, म्हणजे जेज्वीट पाद्र्यांच्या संघाच्या, ताब्यात दिलं. काहींनी मनापासून धर्म स्वीकारला, काहींनी व्यापारासाठी, आणि ओमुराच्या मुलखात बौद्ध देवळं पाडली गेली हेही खरं आहे. छळाची गोष्ट सांगताना हा भाग गाळला तर ते प्रामाणिक होणार नाही असं मला वाटतं, कारण पुढचा राग काही आकाशातून पडलेला नव्हता.

त्या वेळचा सर्वात ताकदवान सरदार ओदा नोबुनागा, त्याने पाद्र्यांना मोकळीक दिली होती, पण तो १५८२ला गेला आणि देश हळूहळू त्याचा सेनापती हिदेयोशी याच्या हातात आला. आपल्याच देशातलं एक बंदर परक्या धर्मगुरूंकडे आहे हे त्याला कसं चालेल? १५८७ला त्याने पाद्र्यांनी देश सोडावा असा हुकूम काढला, पण व्यापार हवाच होता म्हणून तो फारसा राबवला नाही. मिशनरी गपचूप काम करत राहिले.

याच काळात गोन्सालो तिथे होते. जन्म १५५६-५७च्या सुमारास वसईचा, वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वसईच्या जेज्वीट फादरांकडे शिकले आणि पोरवयातच त्यांच्याबरोबर जपानला गेले, तिथली भाषा इतकी छान शिकले की लोक त्यांचं ऐकायला यायचे. येशूसंघात रीतसर प्रवेश मिळावा ही इच्छा मात्र पूर्ण झाली नाही, मग काही वर्षं त्यांनी व्यापार केला, तोही चांगला चालला, आणि शेवटी सगळं सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन या दुसऱ्या ख्रिस्ती धर्मसंघात ब्रदर म्हणून गेले. १५९३ला फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने हिदेयोशीकडे पेद्रो बाप्तिस्ता या फादरांना राजदूत म्हणून पाठवलं तेव्हा सोबत दुभाषी म्हणून गोन्सालोच. म्हणजे जपानच्या सर्वात ताकदवान माणसासमोर उभं राहून बोलणारा माणूस वसईचा होता! त्यांना क्योतोत राहायची परवानगी मिळाली, त्यांनी चर्च बांधलं आणि कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना चालवला. जेज्वीटांना मात्र हे नवे लोक उघडपणे काम करतात ते धोक्याचं वाटत होतं, दोन्ही संघांत चांगलीच तेढ होती, आणि मागे पोर्तुगाल विरुद्ध स्पेन ही व्यापाराची चढाओढही होतीच.

ठिणगी पडली ऑक्टोबर १५९६मध्ये. सान फेलिपे नावाचं मालाने भरलेलं स्पॅनिश जहाज वादळात सापडून शिकोकू बेटाच्या किनाऱ्याला लागलं आणि हिदेयोशीने माल जप्त केला. जहाजाच्या खलाशाने फुशारकी मारली की आमचा राजा आधी मिशनरी पाठवतो आणि मागून सैन्य, असं सांगितलं जातं, पण तो खरंच तसं बोलला का यावर तेव्हापासूनच वाद आहे, स्पॅनिश आणि पोर्तुगीज एकमेकांवर ढकलत राहिले. फिलिपिन्स स्पेनने गिळलेलं होतं हे तर जपानला समोर दिसतच होतं. दवाखान्यात जखमा धुणाऱ्या माणसांना या राजकारणाची किंमत मोजावी लागली.

हिदेयोशीने २४ जणांना पकडलं, जानेवारीत क्योतोत प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांना गाड्यांतून शहरभर फिरवलं, आणि मग ऐन थंडीत नागासाकीपर्यंत महिनाभर नेलं, लोकांना दहशत बसावी म्हणून. वाटेत आणखी दोघांना धरलं, म्हणून २६. त्यात परदेशी फक्त सहा, सगळे फ्रान्सिस्कन: चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा आणि गोन्सालो. बाकी २० जपानी, त्यातला पॉल मिकी क्रुसावरूनच मारणाऱ्यांना क्षमा करून गेला. लुई इबाराकी तर १२ वर्षांचा, धर्म सोड, सोडून देतो असं अधिकाऱ्याने त्याला विचारलं आणि पोराने नाही म्हटलं. १४ वर्षांच्या थॉमस कोझाकीने वाटेत आईला लिहिलेलं पत्र त्याच्या बापाच्या प्रेतावर सापडलं, बापही त्याच २६ जणांत होता. हे वाचताना आजही घशात काहीतरी अडकतं.

ही फक्त सुरुवात होती. १६१४ला हिदेयोशीनंतर आलेल्या तोकुगावा घराण्याच्या सत्तेने ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली, १६२२ला नागासाकीत एकाच दिवशी ५५ जणांना जाळलं किंवा त्यांची मुंडकी उडवली. मग राज्यकर्त्यांना कळलं की मेलेल्या माणसाचा लोक रक्तसाक्षी, म्हणजे धर्मासाठीचा हुतात्मा, करतात, त्यापेक्षा धर्म सोडायला लावणं बरं. मग खड्ड्यात उलटं टांगणं सुरू झालं. १६३३ला जेज्वीटांचे प्रमुख क्रिस्तोव्हाव फेरेरा काही तासांत मोडले, आणि त्याच वेळी तसेच टांगलेले जपानी फादर ज्युलियन नाकाउरा, लहानपणी रोमला जाऊन पोपना भेटून आलेले, ते न डगमगता गेले. फेरेरांना नावं ठेवणं मला जमत नाही, त्या खड्ड्याशेजारी आपण कुणीच उभे राहिलेलो नाही.

सामान्य लोकांसाठी वेगळी युक्ती होती. येशूचं किंवा मारियामातेचं चित्र जमिनीवर ठेवायचं आणि गावातल्या प्रत्येकाने त्यावर पाय द्यायचा, नागासाकीकडे हे दरवर्षी. प्रत्येक घराला बौद्ध देवळात नाव नोंदवावं लागायचं, पाद्री पकडून देणाऱ्याला चांदीचं इनाम आणि त्याचे फलक चौकात लावलेले. १६३७-३८ला शिमाबाराचं बंड झालं, करांनी पिचलेले शेतकरी आणि ख्रिस्ती एकत्र उठले आणि चिरडले गेले, त्यानंतर पोर्तुगीजांना दार कायमचं बंद.

आणि इथेच मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण मिशनरी संपल्यावरही धर्म संपला नाही. नागासाकीजवळच्या उराकामीतल्या आणि गोतो बेटांवरच्या शेतकरी, कोळ्यांनी तो दोनशे वर्षांहून जास्त काळ एकही फादर नसताना सांभाळला. कॅलेंडर एकाने ठेवायचं, बाप्तिस्मा दुसऱ्याने द्यायचा, निरोप तिसऱ्याने पोचवायचे. प्रार्थना तोंडपाठ, कागदावर शक्यतो काही नाही. बाळ कडेवर घेतलेल्या कान्नोन या बौद्ध करुणेच्या देवीच्या मूर्तीत मारियामातेला बघायचं. वर्षाला एकदा चित्रावर पाय द्यायचा आणि घरी येऊन पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायची.

१७ मार्च १८६५ला नागासाकीच्या नव्या ओउरा चर्चमध्ये, जे या २६ जणांच्याच नावाने बांधलं होतं, उराकामीचे दहा-पंधरा लोक आले आणि एक बाई फ्रेंच फादर पेतिजांना हळूच म्हणाली की आमचं मन तुमच्यासारखंच आहे, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? बोलता बोलता लोक म्हणाले, सध्या दुःखाचा काळ चालू आहे, आज सतरावा दिवस, तुम्हीही पाळता ना? दुःखाचा काळ म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, तो राखेच्या बुधवारी सुरू होतो, आणि तो बुधवार त्या वर्षी १ मार्चला होता, मोजून बघा, बरोबर सतरावा दिवस! कुणी शिकवायला नसताना एवढा हिशोब चुकला नाही.

पण बंदी अजून उठलेली नव्हती. हे लोक उघड झाले म्हणून पुन्हा पकडापकडी झाली आणि १८६८पासून उराकामीच्या ३ हजारांहून जास्त लोकांना देशभर विखरून हद्दपार केलं, त्यात कितीतरी मेले. परदेशी सरकारांचा दबाव वाढला तेव्हा कुठे १८७३ला ते बंदीचे फलक काढले गेले आणि वाचलेले लोक गावी परतले. गोन्सालो आणि बाकीच्यांना १८६२लाच संतपद मिळालं होतं, म्हणजे रोममध्ये त्यांचा गौरव झाला तेव्हा जपानमध्ये त्यांचा धर्म पाळणं अजून गुन्हाच होता. लपून धर्म पाळणाऱ्यांपैकी बरेच जण चर्चमध्ये सामील झाले, पण इकित्सुकीसारख्या बेटांवर काही घरांनी वाडवडिलांनी लपवून जपलेली रीतच चालू ठेवली.