व्यवसायोपचार

आजार, अपघात किंवा जन्मजात अडचणीमुळे रोजची कामे अडली, तर ती कामेच करवून घेत माणसाला पुन्हा शक्य तितके स्वावलंबी करण्याची उपचारपद्धती. रुग्णालयात तिला ‘ओटी’ (ऑक्युपेशनल थेरपी) म्हणतात. शस्त्रक्रियागृहालाही तेच नाव असल्याने नातेवाइकांचा गोंधळ होतो. नावातला ‘व्यवसाय’ म्हणजे केवळ पोटापाण्याचा धंदा नव्हे. आंघोळ, जेवण, लिहिणे, खेळणे, स्वयंपाक, नोकरी असे ज्यात माणसाचा दिवस जातो, ते सारे त्यात येते.

पक्षाघाताने एक बाजू लुळी पडली, की फिजिओथेरपीचा मुख्य भर ताकद, तोल आणि चालण्यावर असतो. व्यवसायोपचारक विचारतो, सदरा कसा घालता? लुळा हात आधी बाहीत घालायचा, मग चांगला. काढताना चांगला आधी. हा क्रम अंगवळणी पडला, तर अनेकांचे कपड्यांसाठीचे परावलंबन कमी होते. चमच्याच्या दांड्याला फोम गुंडाळून मूठ जाड करतात. ताटाखाली ओले फडके घातले की ताट सरकत नाही. आयुष्यभर भाकऱ्या केलेल्या बाईच्या हाताला रबरी चेंडू दाबण्यापेक्षा परातीतले पीठ मळणे जवळचे वाटते, आणि व्यायाम तर दोन्हींत होतोच. कुष्ठरोगात हाताची संवेदना गेलेली असेल, तर भाजू नये म्हणून पातेल्याच्या कडीला कापड गुंडाळण्यापासून शिकवावे लागते.

मुलांच्या बाबतीत खेळ हेच काम. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणे), स्वमग्नता, गतिमंदत्व किंवा केवळ अक्षर न वळणे, अशा निरनिराळ्या कारणांनी मुले येतात. अक्षराची तक्रार असली तरी आधी बसणे पाहतात: पाय अधांतरी लोंबकळत असतील, तर हात स्थिर राहत नाही. पायाखाली पाट दिल्यानेही फरक पडू शकतो. अमेरिकेतील व्यवसायोपचारक जीन एअर्स यांनी मांडलेल्या संवेदन-एकात्मीकरणाच्या (स्पर्श, तोल, हालचाल यांच्या संवेदनांचा मेंदूत मेळ घालण्याच्या) उपचारांत झोके, चेंडू, वेगवेगळ्या पोतांच्या वस्तू वापरतात. त्याच्या परिणामांविषयी संशोधकांत एकमत नाही. बटण लावायचे असेल तर बटणाचाच सराव करावा, या पद्धतीला अधिक भक्कम आधार आहे. म्हणून पालकांनी पहिल्याच भेटीत विचारावे, की यातून घरी आणि शाळेत मुलाला नेमके काय जमू लागेल?

या शाखेची पहिली संघटना अमेरिकेत 1917 साली स्थापन झाली. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या पुनर्वसनाने तिला बळ मिळाले. भारतात ती आली मुंबईमार्गे. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर इथल्याच झालेल्या कमला निंबकर यांनी 1950 साली के.ई.एम. रुग्णालयात देशातील पहिली प्रशिक्षणशाळा सुरू केली. 1952 मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाचा भारत संस्थापक सदस्य ठरला. फलटणची ‘कमला निंबकर बालभवन’ ही शाळा त्यांच्याच नावाची. ती शाळा ठाऊक असणाऱ्यांनाही त्यांचे हे काम क्वचितच ठाऊक असते.

रुग्णालयात जमलेले घरी जमेलच असे नाही. शक्य असेल तेव्हा उपचारक घरी जाऊन उंबऱ्याची उंची, मोरीतला निसरडेपणा, संडासात धरायला कठडा आहे का, दिव्याचे बटण कुठे आहे हे पाहतो. काही वेळा माणसाच्या हातापेक्षा त्या बटणाचीच जागा बदलावी लागते.