परदेशात छायाचित्रणासाठी जाताना लागणारी कागदपत्रे आणि परवानग्या : खानदेशातील छायाचित्रकारांसाठी माहिती

लग्नसराई आटोपून आषाढ लागला की जळगाव, धुळे, नंदुरबार भागातील स्टुडिओंना थोडी उसंत मिळते, आणि नेमक्या त्याच दिवसांत, साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात, केनियातील मसाई मारा अभयारण्यात विल्डबीस्ट या गवत खाणाऱ्या मोठ्या प्राण्याचे कळप नदी ओलांडत असतात. अजिंठ्याची लेणी, सारंगखेड्याचा घोडेबाजार आणि काठीची होळी वर्षानुवर्षे टिपणाऱ्यांना अशा वेळी परदेशाची ओढ लागणे साहजिक आहे. मात्र कागदपत्रांची जमवाजमव करताना एक गोष्ट अनेकांच्या ध्यानातून सुटते: व्हिसा माणसाला मिळतो. कॅमेरा बाहेर नेऊन परत आणण्याचा कागद वेगळा असतो, आणि समोरच्या वास्तूचे, प्राण्याचे किंवा माणसाचे छायाचित्र काढण्याची परवानगी त्याहूनही वेगळी असते.

अर्जदार कोणत्या गटात मोडतो

स्वतःच्या आनंदासाठी छायाचित्रे काढणाऱ्याला पर्यटक व्हिसा पुरतो. परंतु एखाद्या जोडप्याचे प्री-वेडिंग चित्रीकरण परदेशात करून त्याचे मानधन घ्यायचे असेल, किंवा जाहिरातीसाठी काम करायचे असेल, तर तो व्यवसाय ठरतो आणि पर्यटक व्हिसावर तसे काम करणे बहुतेक देशांत नियमबाह्य आहे. हा फरक कॅमेऱ्याच्या आकारावर नव्हे, तर हेतूवर ठरतो. प्रवेशद्वारावरचा रखवालदार मात्र आकारच पाहतो, म्हणून मोठी लेन्स बाळगणाऱ्या हौशी माणसानेही आपला हेतू एका पानाच्या इंग्रजी पत्रात लिहून सोबत ठेवावा.

पासपोर्ट आणि व्हिसा

प्रौढांचा पासपोर्ट 10 वर्षांसाठी मिळतो आणि 36 पानी पासपोर्टचे साधे शुल्क 1500 रुपये आहे. अर्ज ऑनलाइन भरून जवळच्या पासपोर्ट सेवा केंद्राची किंवा टपाल कार्यालयातील केंद्राची वेळ घ्यावी. आपल्याकडे अडचण येते ती नावात: शाळेच्या दाखल्यावर वडिलांच्या नावापुढे ‘भाऊ’ किंवा ‘राव’ असते, आधार कार्डावर नसते, आणि आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग तर तीन कागदांवर तीन प्रकारचे आढळते. ही दुरुस्ती अर्जापूर्वीच करून घ्यावी, कारण तीच नोंद पुढे व्हिसा आणि विम्याच्या कागदांवर जाते.

युरोपातील जुन्या वास्तू पाहण्यासाठी शेंगेन व्हिसा (युरोपातील अनेक देशांसाठी चालणारा एकच व्हिसा) घेणाऱ्यांना प्रवासाच्या 6 महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान 15 दिवस आधी तो दाखल व्हावा लागतो. प्रौढांसाठी शुल्क 90 युरो असून केंद्राचे सेवाशुल्क वेगळे आकारले जाते. पासपोर्ट मागील 10 वर्षांत दिलेला, परतीच्या नियोजित तारखेनंतर किमान 3 महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला हवा. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा हवा. नोकरदार कार्यालयाचे रजापत्र जोडतो, तसे स्टुडिओचालकाने दुकानाची नोंदणी किंवा उद्यम प्रमाणपत्र, आयकर विवरणपत्रे आणि बँकेच्या शिक्क्यासह खातेउतारा जोडावा. केळी-कापसाचे उत्पन्न दाखवायचे असल्यास सातबारा उताऱ्याचे इंग्रजी भाषांतर सोबत द्यावे. मराठी उतारा तसाच जोडला तर तपासणाऱ्याला तो वाचता येत नाही, इतके साधे कारण आहे.

केनियाने जानेवारी 2024 पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवानगी सुरू केली आहे. तेथे जाणाऱ्यांसाठी पीतज्वराच्या (यलो फीवर) लसीचे प्रमाणपत्र तितकेच महत्त्वाचे आहे, कारण केनियातून परतणाऱ्याकडे ते नसल्यास भारतातच त्याला 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस शासनमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर 10 दिवसांनी लागू होते, म्हणून विमानाच्या आदल्या दिवशी मुंबईत पोहोचून लस टोचून घेण्याचा बेत निरुपयोगी ठरतो.

कॅमेऱ्याचा कागद : निर्यात प्रमाणपत्र

महागडा कॅमेरा आणि लेन्स घेऊन परतताना ते परदेशात विकत घेतलेले नाहीत, हे सिद्ध करण्याची जबाबदारी प्रवाशावर असते. त्यासाठी जाताना विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. त्यात प्रत्येक वस्तूचे वर्णन, मॉडेल, अनुक्रमांक आणि किंमत नोंदवली जाते. पासपोर्ट, तिकीट आणि खरेदीची बिले सोबत ठेवावीत. जुन्या लेन्सचे बिल हरवले असेल तर अनुक्रमांकाचे स्पष्ट छायाचित्र तरी जवळ असावे. अधिकारी वस्तू प्रत्यक्ष पाहतो, त्यामुळे सामान विमान कंपनीच्या ताब्यात देण्यापूर्वीच हे काम उरकावे लागते. जळगावहून मुंबईला विमानाने जाऊन सामान थेट परदेशापर्यंत नोंदवणाऱ्यांनी कॅमेऱ्याची पिशवी हातातच ठेवावी. परदेशात नव्याने घेतलेली लेन्स या प्रमाणपत्रात येत नाही. ती परतताना जाहीर करावी.

दिवे, स्टँड आणि अनेक कॅमेरे घेऊन व्यावसायिक कामासाठी जाणाऱ्यांना काही देश सीमेवर शुल्क किंवा अनामत मागतात. तेथे एटीए कार्नेट, म्हणजे साहित्य शुल्क न भरता तात्पुरते परदेशात नेऊन परत आणण्याचा सीमाशुल्काचा दस्तऐवज, हा पर्याय आहे. भारतात तो फिक्की ही उद्योग-व्यापाराची संघटना देते, त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते आणि यादीतील प्रत्येक वस्तू परत आणावीच लागते. एका कॅमेऱ्यासाठी हा खटाटोप करू नये.

जादा बॅटऱ्या केबिनमध्येच न्याव्या लागतात. 100 वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीस विमान कंपनीची पूर्वपरवानगी लागत नाही. त्यापुढे 160 पर्यंत ती लागते. ड्रोन घरीच ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मोरोक्को आणि इजिप्तमध्ये तो सीमेवरच जप्त होऊ शकतो, आणि भारताने फेब्रुवारी 2022 पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातलेली असल्याने परत आणतानाही वाद उद्भवू शकतो.

त्या ठिकाणची परवानगी

इजिप्तने 2022 मध्ये सार्वजनिक जागी खासगी छायाचित्रण विनामूल्य आणि विनापरवाना केले, पण बाहेरून लावण्याचे दिवे किंवा प्रकाशछत्र्यांसारखे व्यावसायिक साहित्य वापरायचे तर परवाना लागतो. नागरिकांचे छायाचित्र त्यांच्या लेखी संमतीने काढावे लागते आणि मुलांचे छायाचित्र काढण्यास मनाई आहे. कंबोडियातील अंगकोर या प्राचीन मंदिरसमूहाचे प्रवेशपत्र 1 दिवसाला 37, 3 दिवसांना 62 आणि 7 दिवसांना 72 अमेरिकी डॉलर इतके आहे; व्यावसायिक चित्रीकरणासाठी त्याची देखभाल करणाऱ्या अप्सरा प्राधिकरणाची स्वतंत्र परवानगी घ्यावी लागते. श्रीलंकेत सिगिरिया या प्राचीन खडकावरील किल्ल्यातील भित्तिचित्रांचे छायाचित्र काढता येत नाही, आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढणे तेथे अवमान समजले जाते. अजिंठ्यात फ्लॅश न वापरण्याची सवय असलेल्यांना हे समजावून सांगण्याची गरज पडू नये.

भूतानला भारतीयांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रावर जाता येते, मात्र प्रवेश परवाना घेऊन प्रति रात्र 1200 रुपयांचे शाश्वत विकास शुल्क भरावे लागते. उत्सवातील मुखवटानृत्ये अंगणात टिपता येतात. मंदिराच्या गर्भभागात कॅमेरा चालत नाही.

मसाई मारात आणखी एक बारकावा आहे. केनियाने 2017 मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर आणि जून 2020 पासून संरक्षित क्षेत्रांत एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर बंदी घातली आहे, त्यामुळे पावसात कॅमेऱ्यावर पिशवी चढवण्याची आपली सवय तेथे चालणार नाही; कापडी आवरण न्यावे. मसाई लोकांचे छायाचित्र काढण्याआधी वाटाड्यामार्फत विचारावे आणि मोबदला द्यायचा असेल तर तो छायाचित्र काढण्यापूर्वीच ठरवावा. ते चित्र पुढे जाहिरातीसाठी विकायचे असल्यास लेखी संमतीपत्र तेव्हाच घ्यावे, कारण दौऱ्यानंतर त्या माणसाला शोधणे जवळपास अशक्य असते.