प्रोबायोटिक्स आणि व्यसनमुक्तीतील मनःस्थिती

दारू सोडल्यानंतर सावरण्याच्या काळात प्रोबायोटिक्स, म्हणजे पोटाला उपकारक ठरणारे जिवंत सूक्ष्मजीव, घेतल्याने उदासी, चिंता, चिडचिड आणि पुन्हा पिण्याची ओढ कमी होते का, हा वैद्यकशास्त्रातला तुलनेने नवा प्रश्न आहे. आजचे उत्तर असे : शक्यता आहे, पुरावा तोकडा आहे आणि मूळ उपचाराची जागा घेण्याइतका तर तो मुळीच नाही. मराठवाड्यात पोट आणि डोके यांचा संबंध कुणाला नव्याने पटवावा लागत नाही. ‘पोट ठिकाणावर नाही म्हणून वसवस करतोय’ असे घरातली माणसे सहज बोलून जातात. दारू सुटलेल्या माणसाच्या बाबतीत या बोलण्यात बरेच तथ्य निघते.

वर्षानुवर्षे पोटात जाणारी दारू आतड्याचे अस्तर खिळखिळे करते. पेशींमधले घट्ट सांधे ढिले होतात, जिवाणूंच्या आवरणाचे तुकडे रक्तात झिरपतात, यकृतावर ताण येतो आणि शरीरभर मंद दाह सुरू राहतो. दाह वाढवणाऱ्या रसायनांचा परिणाम मेंदूवरही होतो. झोप, भूक, उत्साह या तिन्हींवर त्याची छाया पडते. दुसरी वाट व्हेगस चेतेची, म्हणजे पोट आणि मेंदू यांना जोडणाऱ्या मज्जातंतूची. पोटातल्या घडामोडींची खबर ती थेट मेंदूकडे नेते. मनःस्थितीशी जोडल्या जाणाऱ्या सेरोटोनिन या रसायनाचा उल्लेख जाहिरातींत फार होतो. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होते हे खरे, पण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. मेंदू आपले सेरोटोनिन स्वतःच बनवतो. त्यामुळे ‘आनंदाचे रसायन पोटातून डोक्यात’ हे चित्र विक्रीला सोयीचे असले तरी चुकीचे आहे.

या विषयातला सर्वांत बोलका अभ्यास बेल्जियममधला, २०१४ साली प्रसिद्ध झालेला. दारू सोडण्यासाठी सुमारे तीन आठवडे दाखल असलेल्या रुग्णांची आतडी तपासली, तेव्हा सर्वांची आतडी गळकी नव्हती. ज्यांची होती, त्यांच्यात उपचाराच्या अखेरीसही उदासी, चिंता आणि दारूची ओढ इतरांपेक्षा जास्त उरली होती. संबंध दिसला, पण कोणते आधी आणि कोणते नंतर, हे अशा निरीक्षणातून ठरत नाही. पुढे बेल्जियममध्येच अशा रुग्णांना इन्युलिन हा तंतुमय पदार्थ देऊन पाहिले गेले. आतड्यातले बायफिडोबॅक्टेरियम हे उपकारक जिवाणू वाढले, मात्र उदासी आणि ओढ कमी होण्यात इन्युलिनऐवजी दिखाऊ पदार्थ (प्लासिबो) घेणाऱ्यांपेक्षा मोठा फरक पडला नाही. जिवाणू बदलले म्हणजे मन बदललेच, असे नव्हे.

उंदरांवरचे निष्कर्ष माणसाला लावताना किती जपावे लागते, याचे उदाहरण लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस या जिवाणूच्या जेबी-१ या वाणाचे, म्हणजे उपप्रकाराचे. २०११ साली या वाणाने उंदरांची भीती आणि ताण कमी झाल्याचे दिसले. व्हेगस चेता कापली की परिणाम नाहीसा होई. मोठा गाजावाजा झाला. २०१७ साली आयर्लंडमध्ये निरोगी पुरुषांवर तोच वाण वापरला, तर दिखाऊ गोळीपेक्षा काहीही वेगळे घडले नाही. उलट बाजूने, २०२३ साली लंडनमधल्या ४९ नैराश्यग्रस्तांच्या प्राथमिक चाचणीत, चालू औषधांच्या जोडीला आठ आठवडे बहुवाणी प्रोबायोटिक दिल्यावर उदासी आणि चिंतेचे गुणांक अधिक सुधारले. त्यांची औषधे चालूच होती, ही गोष्ट बातम्या सांगताना हमखास गळते. शिवाय ते दारू सोडलेले रुग्ण नव्हते.

मराठवाड्याच्या ताटात आंबवलेले पदार्थ आयते आहेत. रात्री इरजण लावलेले दही, सकाळी घुसळून केलेले ताक आणि ज्वारीची आंबील. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, म्हणजे येळवशीला, शेतात कडब्याची कोप उभारून पूजा होते आणि भज्जी, उंडे, बाजरीची भाकरी यांच्या जोडीला मडक्यातली आंबट आंबील वाटली जाते. तिची रीत घरोघर वेगळी. कुठे ज्वारीचे पीठ शिजवून, गार झाल्यावर त्यात ताक, लसूण, मीठ घालतात. कुठे पीठ आधी आंबवतात आणि मग चुलीवर चढवतात. चवीला दोन्ही चांगल्या, पण दुसऱ्या पद्धतीत जिवाणू उकळून मरतात. कढीचेही तेच. नेमके बोलायचे तर घरचे ताकदेखील प्रोबायोटिक नाही, कारण त्या संज्ञेसाठी कोणता वाण, किती प्रमाणात आणि कशावर उपयोगी, हे सिद्ध झालेले असावे लागते. म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही. २०२१ साली अमेरिकेतल्या ३६ निरोगी प्रौढांच्या अभ्यासात, आंबवलेले पदार्थ भरपूर खाणाऱ्यांच्या आतड्यातील जिवाणूंची विविधता वाढली आणि दाहाचे अनेक निर्देशक उतरले. ज्वारीच्या भाकरीतला आणि डाळींतला न पचणारा भाग हे या जिवाणूंचे खाद्य. त्यापासून ते ब्युटिरेटसारखी आम्ले बनवतात आणि आतड्याचे अस्तर त्यांवर पोसते. दारू पिणारा माणूस बहुधा जेवत नाही, नुसत्या शेव-चिवड्यावर भागवतो. त्याच्या पानात रोज भाकरी, वरण, ताक पुन्हा येणे हीच पोटासाठी पहिली दुरुस्ती.

हे सगळे पूरक. रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकाएकी दारू बंद केली तर पहिल्या काही दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. तिथे ताक कामाचे नाही. लागतात ती डॉक्टरांच्या देखरेखीखालची औषधे आणि थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व. दारू सोडून महिना झाला तरी उदासी हटत नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक मराठीतही बोलतो.

प्रोबायोटिक निरोगी माणसाला सहसा बाधत नाही, दारूने पोखरलेल्याला बाधू शकते. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या २९६ रुग्णांवरील चाचणीत प्रोबायोटिक मिळालेल्यांपैकी १६ टक्के दगावले, इतरांपैकी ६ टक्के. हा निष्कर्ष २००८ सालचा, आणि असा दाह होण्यामागे दारू हे एक प्रमुख कारण असते. प्रतिकारशक्ती ढासळलेल्यांनाही धोका आहे. यकृत निकामी होऊन पोटात पाणी झालेल्याला मीठ तोलून खावे लागते, तेव्हा त्याला भरपूर मीठ घातलेले ताक आग्रहाने पाजू नये.

पाकीट घ्यायचेच तर त्यावर वाणाचे पूर्ण नाव, जिवंत जिवाणूंची संख्या आणि मुदत पाहावी. लॅक्टोबॅसिलस आणि बायफिडोबॅक्टेरियमच्या बऱ्याच वाणांना उष्णता सोसत नाही. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेलेला, भारनियमन चालू आणि दुकानातला फ्रीज बंद, अशा गावात पाकिटावरचा आकडा कागदावरच राहू शकतो. बॅसिलस क्लॉसाय हा जिवाणू बीजाणूच्या, म्हणजे टणक कवचातल्या सुप्त रूपात येतो आणि अशा उन्हातही तग धरतो. जुलाबासाठी तो दुकानांत सर्रास मिळतो, मात्र मनःस्थितीवरचे वर सांगितल्यासारखे बहुतेक प्रयोग पहिल्या दोन गटांतल्या जिवाणूंवर झालेले आहेत.