ठाणे-नवी मुंबईत स्तनाच्या कर्करोगाची तपासणी कोणापर्यंत पोहोचली : पार्श्वभूमी

कोणतीही तक्रार नसलेल्या स्त्रियांची ठरावीक काळाने तपासणी करून स्तनाचा कर्करोग लवकर हुडकायचा, ही कल्पना पाश्चात्त्य देशांत रुजली. न्यूयॉर्कमधील एका आरोग्य विमा योजनेच्या सुमारे ६२ हजार सभासद स्त्रियांवर १९६३ मध्ये एक मोठी चाचणी सुरू झाली आणि मॅमोग्राफीला (स्तनाच्या क्ष-किरण तपासणीला) डॉक्टरांच्या हाताच्या तपासणीची जोड दिल्यास मृत्यू कमी होतात, असे तिच्यातून दिसले. स्वीडनमध्ये १९७७ पासून अशीच चाचणी झाली. ब्रिटनने १९८८ मध्ये सरकारी खर्चाने राष्ट्रीय कार्यक्रमच सुरू केला. या प्रयत्नांमागे एक गृहीतक होते. स्त्रीचा कायम पत्ता आहे, तिच्या नावाची नोंद कोठेतरी आहे, पत्र धाडून तिला बोलावता येते आणि काही सापडलेच तर पुढची व्यवस्था तयार आहे, असे धरूनच सगळी आखणी झाली होती.

योगायोगाने त्याच १९६३ साली मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने बॉम्बे कॅन्सर रजिस्ट्री स्थापन केली. एखाद्या शहराच्या संपूर्ण लोकसंख्येतील कर्करोगाचे रुग्ण मोजणारी ही भारतातील पहिली नोंदणी. डॉ. डी. जे. जस्सावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदींवरून मुंबईतील वेगवेगळ्या समाजांतील स्त्रियांमध्ये या आजाराचे प्रमाण कसे बदलते, हे दाखवले. पारशी स्त्रियांमध्ये ते अधिक होते. पुढे १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला देशातील पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली, तेव्हा तेथे गर्भाशयमुखाचा कर्करोग पुढे असल्याचे दिसले. मुंबईत मात्र स्तनाचा कर्करोग त्याला मागे टाकत होता. उशिरा लग्न, कमी मुले, कमी काळ स्तनपान, वाढते वजन आणि वाढते आयुर्मान ही त्यामागची कारणे शहरीकरणाबरोबर येतात. म्हणजेच मुंबईच्या वेशीवर जे भाग झपाट्याने शहर बनत होते, तेथे हा आजार वाढणार, हे अगोदरच दिसत होते.

ठाणे हा नेमका तसाच भाग. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ ची आणि वागळे इस्टेट ही त्याच्या अगदी आरंभीच्या वसाहतींपैकी. पाठोपाठ ठाणे-बेलापूर पट्ट्यात रासायनिक कारखाने आले, १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारे सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले, १९८२ मध्ये ठाणे महानगरपालिका आणि १९९२ च्या आरंभी नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली. आगरी-कोळी गावठाणांच्या भोवती आखीव नोड, म्हणजे नियोजित उपनगरे, उभी राहिली; त्या आखणीत ज्यांना जागा नव्हती, ते दगडखाणींचे मजूर, बांधकामावरचे मजूर आणि घरकामगार दिघा, तुर्भे स्टोअर, कळवा, मुंब्रा, दिवा येथील वस्त्यांत राहिले. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर गेली होती. तेव्हा हा देशातील सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा होता. पालघर वेगळा झाला तो २०१४ मध्ये.

एवढी वस्ती वाढूनही मुंबईची कर्करोग नोंदणी बृहन्मुंबईच्या हद्दीत, म्हणजे मुलुंड आणि मानखुर्दपाशी थांबते. राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात महाराष्ट्रातील मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा, बार्शी, उस्मानाबाद-बीड अशी नावे आहेत. ठाणे त्यांत नाही. मुंब्र्यातील एखादी स्त्री परळच्या टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयात आली तर तिची नोंद रुग्णालयाची रुग्ण म्हणून होते, पण मुंब्र्यात दर लाख स्त्रियांमागे किती जणींना हा आजार होतो आणि त्यांतल्या कितीजणी तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात पोहोचल्यावर येतात, याचा हिशेब त्यातून लागत नाही. तपासणीतील विषमतेची चर्चा या भागात अंदाजानेच चालते, त्याचे मूळ येथे आहे.

हा झाला मोजणीचा इतिहास. तपासणीचा इतिहास मात्र खाडीच्या पलीकडे, मुंबईच्या झोपडपट्ट्यांत घडला आणि तो या विषयातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, असे मला वाटते. मॅमोग्राफीचे यंत्र महाग, ते चालवणारे तंत्रज्ञ आणि त्यातील चित्रे वाचणारे रेडिओलॉजिस्ट कमी, शिवाय तरुण वयातील दाट स्तनांत क्ष-किरणांना गाठ कमी स्पष्ट दिसते. भारतात तर हा आजार पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत सरासरी कमी वयात आढळतो. मग प्रशिक्षित हातांनी केलेली तपासणी पुरेशी ठरेल का, हा प्रश्न टाटा मेमोरियलचे शल्यविशारद डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांचे सहकारी विचारत होते. १९९८ मध्ये मुंबईतील वस्त्यांचे २० गट पाडून ३५ ते ६४ वर्षे वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रियांची चाचणी सुरू झाली. निम्म्या गटांत दर दोन वर्षांनी तपासणी करायची, उरलेल्यांत फक्त आजाराची माहिती द्यायची, अशी योजना होती.

तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. त्या प्रशिक्षण दिलेल्या प्राथमिक आरोग्य कार्यकर्त्या होत्या. मधल्या तीन बोटांच्या पेरांचा सपाट भाग त्वचेवर टेकवून, लहान वर्तुळे काढत, आधी हलका, मग मध्यम आणि मग खोलवरचा दाब देत संपूर्ण स्तन, काख आणि गळपट्टीच्या हाडापर्यंतचा भाग तपासायचा, असे हे कौशल्य आहे. ते शिकता येते, पण सराव सुटला तर बोटे विसरतात. शिवाय त्याला आडोसा लागतो, वेळ लागतो आणि तपासणाऱ्या बाईवर विश्वास लागतो. दहा बाय दहाच्या खोलीत सासरे आणि मुले असताना यांतले काहीच आपोआप मिळत नाही.

वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ च्या फेब्रुवारीत निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात निदानाच्या वेळी तिसऱ्या वा चौथ्या टप्प्यात असलेल्या रुग्णांचे प्रमाण ३७ टक्के होते, दुसऱ्या गटात ते ४७ टक्के होते. सर्व वयोगट एकत्र धरता मृत्यूंत १५ टक्के घट दिसली, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरली नाही, म्हणजे ती योगायोगानेही आलेली असू शकते. पन्नाशी आणि त्यापुढील स्त्रियांत मात्र ती जवळजवळ ३० टक्के होती आणि कसोटीला उतरली. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत तसा लाभ सिद्ध झाला नाही. निम्म्या स्त्रियांना तपासणीविना ठेवण्यावर वैद्यकीय नीतीच्या अंगाने टीकाही झाली, विशेषतः याच चाचणीतील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या भागाबाबत, आणि ती टीका गांभीर्याने घ्यावी अशीच आहे. तरीही एवढे मान्य करावे लागते की, यंत्राविना, वस्तीत राहून, गरीब स्त्रियांपर्यंत पोहोचणारी पद्धत कोणत्या अटींवर चालते, हे ठाण्यापासून तासाभराच्या अंतरावर तपासून पाहिले गेले. दर दोन वर्षांनी फेरी, त्याच कामासाठी नेमलेल्या आणि देखरेखीखाली काम करणाऱ्या कार्यकर्त्या, आणि गाठ लागलेल्या स्त्रीचा पुढचा रस्ता थेट टाटा रुग्णालयापर्यंत, या त्या अटी होत्या.

सरकारी कार्यक्रम मोठा होत गेला तेव्हा या अटी मागे पडल्या. राष्ट्रीय कर्करोग नियंत्रण कार्यक्रम १९७५ चा, असंसर्गजन्य आजारांचा एकत्रित कार्यक्रम २०१० चा. २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी ३० ते ६५ वयाच्या लोकसंख्येची तपासणी ठरवली आणि २०१८ नंतर ती आरोग्यवर्धिनी केंद्रांशी जोडली गेली. स्तनाची तपासणी हातानेच, पण दर पाच वर्षांनी. मुंबईच्या चाचणीत दोन वर्षांचे अंतर होते. पाच वर्षांच्या अंतराने तोच लाभ मिळेल, असे त्या चाचणीच्या आधारे म्हणता येत नाही. वेगाने वाढणारी गाठ दोन फेऱ्यांच्या मध्ये सहज मोठी होते.

सुरुवात होते ती आशाताईंच्या फॉर्मपासून. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घराण्यातील आजार यांना गुण देऊन झाले की लक्षणांचे प्रश्न येतात. स्तनात गाठ आहे का, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव येतो का, स्तनाच्या आकारात बदल झाला आहे का, असे ते प्रश्न आहेत. उंबरठ्यावर उभ्याने, शेजारीण ऐकत असताना विचारल्यावर बहुतेक उत्तरे ‘नाही’ अशीच येतात. यात आशाताईंना दोष देण्याजोगे काही नाही. त्यांना नियमित पगार नसून मानधन आणि कामानुसार मोबदला मिळतो, आणि लसीकरण, गरोदर माता, क्षयरोग, सर्वेक्षणे यांच्यामध्ये हे एक काम बसवावे लागते. शहरांत तर ही यंत्रणाही उशिरा आली. ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झाले, शहरी अभियान २०१३ मध्ये. त्यामुळे कळव्यातील वस्तीला शहापूरच्या पाड्यापेक्षा रुग्णालय जवळ असले, तरी दारापर्यंत येणारी कार्यकर्ती तिला नंतर मिळाली.

परिणाम आकड्यांत दिसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी स्तनाच्या कर्करोगासाठी कधीतरी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या ०.९ टक्के. शंभरात एकही नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षभरात या आजाराचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया दगावल्या.

नवी मुंबईची गोष्ट यात अधिक खटकते, कारण येथे मोठ्या संस्थांची वाण नाही. टाटा मेमोरियल केंद्राची संशोधन संस्था २००२ मध्ये खारघरला आली. २०२३ मध्ये तेथील प्रोटॉन उपचार सुविधा आणि स्त्रिया व मुलांसाठीच्या कर्करोग रुग्णालयाची इमारत राष्ट्राला अर्पण झाली. त्याच खारघरच्या डोंगरावर फणसवाडी आणि चाफेवाडी हे आदिवासी पाडे आहेत. अद्ययावत उपचार जवळ असणे आणि गाठ वेळेवर हाताला लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी लागणारी माणसे कोणत्याही इमारतीबरोबर आपोआप येत नाहीत.

गाठ लागल्यानंतरचा रस्ताही सर्वांना सारखा नसतो. घोडबंदर रस्त्यावरची नोकरदार स्त्री दीड-दोन हजार किंवा अधिक रुपये भरून त्याच आठवड्यात मॅमोग्राफी उरकते आणि तिचा विमा बायोप्सीपर्यंत (गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीपर्यंत) सोबत येतो. दिघ्याची घरकामगार पालिकेच्या रुग्णालयात केसपेपर काढते, सोनोग्राफीची तारीख घेते, बायोप्सीला पुन्हा येते, रिपोर्टला पुन्हा येते. प्रत्येक फेरी म्हणजे एक खाडा, आणि चार घरांपैकी एखादे घर तेवढ्यात दुसरी बाई लावते. कसाऱ्याहून येणाऱ्या बाईला ठाण्यापर्यंत सुमारे ८७ किलोमीटरचा लोकलचा प्रवास आहे, तोही पाड्यावरून स्टेशन गाठल्यावर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये पहिल्या भेटीपासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावे, असे उद्दिष्ट ठेवले. या फेऱ्यांमध्ये ते दिवस भराभर सरतात.

उपचारांच्या खर्चाबाबत राज्याने बरेच केले आहे. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत मुंबई आणि रायगड होते, ठाणे नव्हते. ठाण्याला ती २०१३ च्या नोव्हेंबरात मिळाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते आणि कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन यांचा खर्च उचलते. परंतु ती मुख्यतः निदान झालेल्या रुग्णाच्या उपचारांसाठी आहे. पहिल्या शंकेपासून बायोप्सीच्या रिपोर्टपर्यंतचा प्रवासखर्च, बाहेरच्या तपासण्या आणि बुडालेली रोजंदारी ही त्या घरानेच सोसायची असते, आणि पाठपुरावा सोडून देणाऱ्या स्त्रिया बहुतेक याच टप्प्यावर सुटतात.