झाकणाखालचा जंपर: जुन्या सर्व्हरच्या पासवर्डमागची गोष्ट

सेकंडहँड रॅक सर्व्हर घरी आणला, वीज दिली, पंखे भणाणले, आणि सेटअपमध्ये जायला कळ दाबली तर पडद्यावर पासवर्डची चौकट. पैसे आपण मोजलेत, बिल आपल्या नावावर आहे, आणि आत जायला शब्द हवा तो आधीच्या मालकाकडे कधीकाळी नोकरीला असलेल्या कुठल्यातरी ॲडमिनचा. यंत्रं मोडीत काढताना कंपन्या डिस्क आठवणीने काढून घेतात, बायोसचा, म्हणजे यंत्र चालू होताच सर्वांत आधी धावणाऱ्या प्रोग्रॅमचा, पासवर्ड मात्र तसाच राहून जातो. विकणाऱ्याला तो माहीत नसतो आणि माहीत असण्याचं कारणही नसतं. या चौकटीशी झटणाऱ्यांनी ती आली कुठून हे एकदा बघावं, कारण तिच्यातून सुटण्याचा रस्ताही त्याच इतिहासात आहे.

१९८१च्या मूळ आयबीएम पीसीत पासवर्ड नव्हता. तो ठेवायला जागाच नव्हती. मशीनची जुळणी बोर्डावरच्या बारीक स्विचांवरून ठरायची. १९८४च्या आयबीएमच्याच पीसी-एटीत मोटोरोलाची एमसी१४६८१८ ही घड्याळाची चिप आली. तिच्यात ६४ बाइटची स्मृती होती; १४ बाइट घड्याळाला, उरलेले ५० सेटिंगांना, आणि वीज गेल्यावर हे सगळं एका बॅटरीवर तगून राहायचं. एटीला दर्शनी बाजूला खरीखुरी किल्लीही होती. ती फिरवली की कीबोर्ड बंद पडायचा आणि झाकणही अडायचं. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. कुलूप पेटीला होतं, आणि पेटी उघडू शकणारा तो मालक, हे त्यात गृहीत होतं.

आयबीएमच्याच १९८७च्या पीएस/२ मालिकेत चालू करतानाचा पासवर्ड आला, तोही बॅटरीवरच्या त्याच स्मृतीत. बॅटरी काढली की पासवर्ड पुसला जायचा. नव्वदच्या दशकात सगळ्याच पीसींमध्ये हे रुळलं. सेल काढा, थोडा वेळ थांबा, परत बसवा, ही युक्ती दुरुस्तीच्या दुकानात पहिल्याच आठवड्यात शिकवली जायची. त्याच काळात बायोस बनवणाऱ्यांनी मागचं दारही ठेवलं होतं. अवॉर्ड कंपनीच्या बायोसला 'एडब्ल्यूएआरडी_एसडब्ल्यू' हा शब्द चालायचा, आणि असल्या शब्दांच्या याद्या फ्लॉपीवरून हातोहात फिरायच्या. सगळ्यांना ठाऊक असलेल्या किल्लीला कुलूप म्हणण्यात अर्थ नव्हता.

लॅपटॉपने चित्र पालटलं. लॅपटॉप चोरीला जातो, आणि चोराच्या हातात पेटी तर असतेच. मग पेटी उघडणारा तो मालक हा नियम कसा टिकणार? आयबीएमने आपल्या थिंकपॅड लॅपटॉपचा सुपरवायझर पासवर्ड बॅटरीवरच्या स्मृतीतून काढून वेगळ्या ईईप्रॉम चिपमध्ये ठेवला. लिहिलेलं जपायला या चिपला वीज लागत नाही, त्यामुळे सेल काढून काही होत नाही. पासवर्ड विसरलात तर मदरबोर्ड बदलावा लागेल, असं कंपनी स्पष्ट सांगायची. चोरीच्या दृष्टीने हे योग्यच होतं. प्रामाणिकपणे जुना लॅपटॉप घेणाऱ्यावर त्याचा भार पडला, हेही तितकंच खरं.

सर्व्हरच्या जगात सन कंपनीची स्पार्क यंत्रं आठवतात. त्यांच्या ओपनबूट फर्मवेअरमध्ये, म्हणजे तिथे बायोसचं काम करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, सुरक्षेच्या तीन पायऱ्या होत्या: काहीच नाही, फक्त आज्ञांना पासवर्ड, आणि पूर्ण, म्हणजे बूट करायलाही पासवर्ड. चालू यंत्रावर रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, ताबा असेल तर 'ईईप्रॉम' ही आज्ञा देऊन हे कुलूप काढता यायचं. ताबा नसेल, तर पासवर्ड विसरल्यावर यंत्र चालणार नाही, विक्रेत्याला गाठा, अशी ताकीद सनच्या पुस्तिकेतच होती. हे कुलूप एम४८टी०२ किंवा तिच्या बहिणींपैकी एका चिपमध्ये असायचं. या चिपांच्या डोक्यावर प्लॅस्टिकची जाड टोपी आणि त्या टोपीत बॅटरी. चिप बदलली की कुलूप जायचं, पण यंत्राचा इथरनेट पत्ता (नेटवर्कवरची ओळख) आणि होस्टआयडी हा ओळखक्रमांकही तिच्यातच असल्याने तेही जायचं आणि हाताने पुन्हा भरावं लागायचं. आज ही यंत्रं जपणारे लोक ती टोपी कानशीने घासतात, आतल्या मेलेल्या बॅटरीची टोकं उघडी करतात आणि बाहेरून नाण्याएवढा सेल डाखतात. टोपी कापताना हात जरा जास्त खोल गेला की चिप संपली.

पुढे बायोसची जागा घेणारं यूईएफआय आलं. इंटेलने आपल्या इटॅनियम प्रोसेसरसाठी सुरू केलेलं ईएफआय २००५मध्ये यूईएफआय फोरमकडे गेलं आणि काही वर्षांत सगळीकडे पसरलं. आता सेटिंगं आणि पासवर्ड साधारणपणे फर्मवेअर असलेल्या फ्लॅश चिपमध्येच राहतात. बोर्डावरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल रात्रभर काढून ठेवला तरी फार तर घड्याळ मागे जातं. जुनी युक्ती आजही जो तो सांगतो आणि ती चालत नाही म्हणून लोक यंत्र खराब समजतात, ते यामुळे.

तरीही सर्व्हरवर उत्पादकांनी उघड वाट ठेवली, आणि माझ्या मते हे त्यांनी शहाणपणाने केलं. सर्व्हरचं खरं कुलूप डेटा सेंटरच्या दाराला असतं. आत पोचलेला माणूस अधिकृतच धरला जातो, आणि विसरलेल्या एका शब्दापायी लाखोंचं यंत्र अडून राहणं कुणालाच परवडत नाही. डेलच्या पॉवरएज सर्व्हरचं झाकण उचला. त्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या नकाशात 'पीडब्ल्यूआरडी_ईएन' नावाचा जंपर, म्हणजे बोर्डावरच्या दोन पिना जोडणारी छोटी टोपी, दाखवलेला असतो. अनेक मॉडेलांत तो २ आणि ४ या पिनांवर असतो, तो ४ आणि ६ वर न्यायचा. नुसता हलवून भागत नाही. जंपर त्या जागी असताना यंत्र एकदा बूट व्हावं लागतं, तेव्हाच पासवर्ड पुसला जातो. नवा पासवर्ड घालण्याआधी जंपर मूळ जागी न आणल्यास पुढच्या बूटला तोही जातो. इथे बरेच जण चुकतात. मीही एकदा चुकलो आणि बोर्डच बिघडला असं समजून एक संध्याकाळ घालवली. एचपीच्या प्रोलायंट सर्व्हरमध्ये जंपरऐवजी मेंटेनन्स स्विचांची पट्टी असते. तिथला पाचवा स्विच पासवर्डचा, सहावा सगळी जुळणी पुसणारा आणि पहिला आयएलओचं, म्हणजे एचपीच्या दूरस्थ नियंत्रणाच्या सोयीचं, संरक्षण बाजूला सारणारा.

दूरस्थ नियंत्रणाचा पासवर्ड ही वेगळी भानगड. १९९८मध्ये इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी सर्व्हर दुरून सांभाळण्याचं आयपीएमआय हे मानक आणलं, आणि सर्व्हरच्या पोटात दुसरा छोटा संगणक कायमचा जागा राहू लागला. डेलमध्ये या छोट्या संगणकाचं नाव आयड्रॅक; त्याचं 'रूट' हे नाव आणि 'कॅल्विन' हा पासवर्ड वर्षानुवर्षं सगळ्यांना पाठ होतं. २०१७च्या, डेल सर्व्हरांच्या चौदाव्या पिढीपासून प्रत्येक यंत्राला स्वतंत्र पासवर्ड देण्याची सोय झाली. तो पुढच्या बाजूच्या सरकपट्टीवर छापलेला असतो, म्हणून जुना सर्व्हर घेताना ती पट्टी जागेवर आहे ना हे बघावं.

आता कुलूप बोर्डावरून आणखी आत सरकलं आहे. एएमडीच्या सर्व्हरसाठीच्या एपिक प्रोसेसरांमध्ये प्लॅटफॉर्म सिक्युअर बूट ही सोय चालू केली, की सर्व्हर उत्पादकाच्या डिजिटल सहीची खूण प्रोसेसरमधल्या फ्यूजमध्ये जाळून लिहिली जाते. मग तो प्रोसेसर दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावर चालू होत नाही. बदललेलं फर्मवेअर घुसवून केलेले हल्ले यामुळे अडतात. पण जळालेला फ्यूज परत जुळत नाही, आणि त्याला जंपरही नाही. सुटा एपिक घेताना तो कुठल्या कंपनीच्या सर्व्हरमधून निघाला हे विचारून घ्यावं लागतं, आणि भंगारातून माल उचलणाऱ्या विक्रेत्याने तेवढी नोंद बहुतेक वेळा ठेवलेली नसते.